समुद्रातील तंतू आणि देहाचा जमाखर्च

(सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संस्थेच्या सुवर्णमहोत्सवासारख्या मंगल प्रसंगी समुद्रातील शेवाळ आणि माणसाचा लठ्ठपणा या विषयावर व्याख्यान व्हावे, हे काही श्रोत्यांना अनपेक्षित वाटले असेल. परंतु गेल्या पन्नास वर्षांत घराघरांत जशी समृद्धी आली, तसा देहाचा भारही वाढला, ही वस्तुस्थिती नाकारता येणार नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१५-१६ च्या फेरीत देशातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी २०.६ टक्के आणि पुरुषांपैकी १८.९ टक्के जादा वजनाचे किंवा स्थूल आढळले होते. २०१९-२१ च्या फेरीत हे प्रमाण अनुक्रमे २४ आणि २२.९ टक्क्यांवर गेले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेला आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास देशात १० कोटींहून अधिक मधुमेही असल्याचे सांगतो. पेढीवर दिवसभर बसून काम, दाराशी वाहन, आणि नाश्त्यापासून रात्रीपर्यंत तळण व मिठाई उपलब्ध, अशी ज्या समाजाची दिनचर्या आहे, त्या समाजाला हे आकडे दूरचे वाटू नयेत.

अशा वेळी बाजार गप्प बसत नाही. ‘चरबी शोषून घेणारी’, ‘जेवणातील तेल-तूप अंगाला लागू न देणारी’ अशा जाहिराती करून पावडरी, पेये आणि कॅप्सूल विकल्या जातात. त्यांपैकी कित्येकांचे मूळ समुद्रात आहे. हे पदार्थ नेमके काय आहेत, ते शरीरात काय करतात, त्यांच्याविषयी जे सांगितले जाते त्यात तथ्य किती, आणि शाकाहारी, त्यातही जैन, कुटुंबाने त्यांच्याकडे कसे पाहावे, एवढ्याच चार प्रश्नांचा विचार आज करावयाचा आहे.

प्रथम या पदार्थांची ओळख. रसायनशास्त्रात यांना पॉलिसॅकराइड, म्हणजेच बहुशर्करा, म्हणतात. साखरेचे साधे रेणू मण्यांसारखे एकापुढे एक ओवले की जी लांब माळ तयार होते, ती बहुशर्करा. ही कल्पना ज्यांचा संबंध सुताशी आणि कापडाशी आला आहे, त्यांना सहज उमगेल. सुती धोतर आणि ताटातील भात यांचे मूळ द्रव्य एकच आहे, असे म्हटले तर आश्चर्य वाटेल. पण ते खरे आहे. तांदळातील पिष्ट हीही ग्लुकोजचीच माळ, आणि कापसाचा धागा हीही ग्लुकोजचीच माळ. फरक केवळ दोन मण्यांमधील गाठीचा. पिष्टातील गाठ माणसाच्या लाळेतील आणि स्वादुपिंडातील विकरांना सोडवता येते, म्हणून भात पचतो आणि त्यातून ऊर्जा मिळते. कापसातील गाठ मानवी विकरांना सोडवता येत नाही, म्हणून कापूस हे अन्न होऊ शकत नाही. धान्याचा कोंडा, डाळींची साले, भाज्यांतील चोथा यांमध्येही अशाच न सुटणाऱ्या गाठींच्या माळा असतात. त्यांना तंतुमय पदार्थ म्हणतात. समुद्री शेवाळातील ज्या बहुशर्करांची आज चर्चा आहे, त्या याच कुळातील आहेत.

समुद्रातील शेवाळाला झाडासारखा ताठ बुंधा परवडत नाही. लाटांचा अखंड मारा सोसायचा, तर देह लवचीक हवा. आणि ओहोटीच्या वेळी उन्हात कोरडे पडावे लागते, म्हणून पाणी धरून ठेवण्याची क्षमताही हवी. या दोन्ही गरजा त्याच्यातील बुळबुळीत बहुशर्करा भागवतात. तपकिरी शेवाळात अल्जिनेट, फ्युकॉयडन आणि लॅमिनारिन असतात. लाल शेवाळात अगर आणि कॅराजीनन. हिरव्या शेवाळात अल्व्हन. अल्जिनेटचे प्रमाण काही जातींत कोरड्या वजनाच्या ४० टक्क्यांपर्यंत असते. १८८१ साली एडवर्ड स्टॅनफर्ड या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाने ते स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरील शेवाळातून वेगळे केले.

अल्जिनेट हा पदार्थ वस्त्रव्यवसायाला नवा नाही. सुती कापडावर रिॲक्टिव्ह रंगांनी छपाई करताना रंग पसरू नये म्हणून त्यात दाट खळ मिसळावी लागते. पिष्टाची खळ घेतली, तर रंग कापडाशी संयोग पावण्याऐवजी खळीशीच संयोग पावू लागतो; रंग फिका येतो आणि धुतल्यावरही कापड कडक राहते. म्हणून छपाईच्या कारखान्यांत सोडियम अल्जिनेट वापरतात. ते रंगाला जागेवर धरून ठेवते, पण स्वतः त्याच्याशी जोडले जात नाही, आणि धुलाईत निघून जाते. पोटातील त्याचे काम पुष्कळसे असेच आहे. अन्नाला थोडा वेळ धरून ठेवायचे, आणि शेवटी स्वतः शरीरात न मुरता पुढे निघून जायचे.

दुसरा पदार्थ अगर. किराणा दुकानात हा ‘चायना ग्रास’ या नावाने पांढऱ्या पट्ट्यांच्या किंवा भुकटीच्या रूपात मिळतो. जपानमध्ये त्याला ‘कांतेन’ म्हणतात. सतराव्या शतकात क्योटोजवळच्या एका खाणावळवाल्याने उरलेली शेवाळाची जेली थंडीत बाहेर टाकली, ती रात्री गोठली, दिवसा विरघळली, अशी काही दिवसांत वाळून कोरडी झाली, आणि पुन्हा उकळल्यावर तिची अधिक स्वच्छ जेली बनली, अशी कथा तेथे सांगितली जाते. पुढे १८८१ च्या सुमारास जर्मनीत फॅनी हेसे या गृहिणीने, जंतू वाढवण्यासाठी जिलेटिन वापरून उन्हाळ्यात हैराण झालेल्या आपल्या संशोधक पतीला, स्वयंपाकघरातील अगर वापरण्याचे सुचवले. जगभरच्या प्रयोगशाळांत आजही जंतूंची वाढ अगरवरच करतात. जिलेटिन प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून बनते आणि उष्णतेने वितळते; अगर शेवाळापासून बनते आणि एकदा घट्ट झाले की पाणी चांगले तापेपर्यंत वितळत नाही. हा भेद लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण पुढे त्याचा संबंध येणार आहे.

आता हे तंतू स्थूलतेला आळा कसा घालू शकतात, ते पाहू. याचे चार मार्ग अभ्यासले गेले आहेत. पहिला जठरातील. अल्जिनेटला कॅल्शियम किंवा आम्ल भेटले, की त्याचे द्रावण जेलीत रूपांतरित होते. जठरात आम्ल असतेच. म्हणून पाण्याबरोबर घेतलेले अल्जिनेट तेथे फुगते, जागा व्यापते आणि पोट भरल्याची जाणीव लवकर होते. छातीतील जळजळीवरील काही औषधांत हेच अल्जिनेट असते; त्याची जेली जठरातील अन्नावर तरंगून आम्लाला वर येऊ देत नाही. दुसरा मार्ग लहान आतड्यातील. दाट जेलीत अडकलेली साखर हळूहळू शोषली जाते, त्यामुळे जेवणानंतर रक्तातील साखर एकदम उसळत नाही. तिसरा मार्ग स्निग्धांशाचा. तेल-तूप पचवण्यासाठी स्वादुपिंडातून लायपेज नावाचे विकर स्रवते. इंग्लंडमधील न्यूकॅसल विद्यापीठात झालेल्या प्रयोगांत काही प्रकारच्या अल्जिनेटने या विकराचे काम ७० टक्क्यांहून अधिक रोखल्याचे दिसले. २०१० साली ही बातमी जगभर गाजली. मात्र ते प्रयोग काचेच्या उपकरणांतील होते, जिवंत माणसाच्या पोटातील नव्हते, ही गोष्ट बातमीच्या गाजावाजात मागे पडली.

चौथा मार्ग मोठ्या आतड्यातील आहे. लहान आतड्यात न पचलेले तंतू तेथे पोचतात आणि तेथील असंख्य सूक्ष्म जंतूंचे अन्न होतात. जंतूंनी ते आंबवले, की काही उपयुक्त मेदाम्ले तयार होतात. ही मेदाम्ले आतड्याच्या अस्तराचे पोषण करतात आणि भूक आवरणाऱ्या संप्रेरकांच्या स्रावालाही उत्तेजन देतात. त्यांपैकी जीएलपी-१ या संप्रेरकाची नक्कल करणारी इंजेक्शने २०२५ साली वजन कमी करण्यासाठी भारताच्या बाजारात आली, हे वृत्तपत्रे वाचणाऱ्यांना ठाऊक आहे. त्या औषधांचा प्रभाव मोठा असतो, तंतूंचा अगदी सौम्य. दोहोंची तुलना करू नये. पण शरीराची भूक आवरण्याची स्वतःची व्यवस्था आहे आणि आहारातील चोथा तिला हातभार लावतो, एवढे यातून समजते.

या जंतूंविषयी एक विलक्षण शोध २०१० साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. जपानी लोक पिढ्यान्‌पिढ्या ‘नोरी’ नावाचे लाल शेवाळ खात आले आहेत. या शेवाळातील पॉर्फिरन ही बहुशर्करा फोडण्याची जनुके समुद्रातील जंतूंकडे असतात. तीच जनुके जपानी माणसांच्या आतड्यातील जंतूंमध्ये सापडली. तुलनेसाठी घेतलेल्या अमेरिकी माणसांत ती आढळली नाहीत. समुद्रातून ताटात आणि ताटातून आतड्यातील जंतूंत ही विद्या संक्रमित झाली, असा निष्कर्ष निघाला. याचा व्यावहारिक अर्थ असा, की एका देशातील माणसांना जो आहार मानवतो, तोच तसाच दुसऱ्या देशातील माणसांना मानवेल असे गृहीत धरता येत नाही.

आता खरा प्रश्न: माणसांचे वजन किती उतरले? येथे जाहिरात बाजूला ठेवून आकडे पाहिले पाहिजेत. जपानमध्ये २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मधुमेह किंवा त्याची पूर्वावस्था असलेल्या ७६ स्थूल रुग्णांना १२ आठवडे नियंत्रित आहार दिला. त्यांपैकी निम्म्यांच्या जेवणात रोज अगरच्या जेलीची भर होती. अगर घेणाऱ्यांचे वजन सरासरी २.८ किलो उतरले, न घेणाऱ्यांचे १.३ किलो. इंग्लंडमधील शेफिल्ड येथे १२ पुरुषांना अॅस्कोफिलम हे तपकिरी शेवाळ मिसळलेला पाव न्याहारीस दिला, तेव्हा चार तासांनंतरच्या जेवणात त्यांनी सुमारे १६ टक्के कमी ऊर्जा घेतली. पण हा केवळ एका दिवसाचा हिशेब होता. कोपनहेगन विद्यापीठात २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ९६ स्थूल व्यक्तींनी १२ आठवडे कमी ऊर्जेचा आहार घेतला. काहींना मुख्य जेवणापूर्वी अल्जिनेटचे पेय दिले, काहींना तसेच दिसणारे साधे पेय. शेवटपर्यंत टिकलेल्या ८० जणांत अल्जिनेट घेणाऱ्यांचे वजन सरासरी ६.७८ किलो आणि इतरांचे ५.०४ किलो उतरले. परंतु मध्येच सोडून गेलेल्यांसह सर्वांचा हिशेब मांडला, तेव्हा दोन्ही गटांत खात्रीने सांगता येईल असा फरक राहिला नाही.

या आकड्यांचा अर्थ ज्याने खतावणी लिहिली आहे, त्याला वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. कोपनहेगनच्या प्रयोगात तंतूंनी फार तर पावणेदोन किलोंची भर घातली. त्याच्या तिप्पट घट तर मोजून-मापून खाण्यानेच झाली. म्हणजे मुद्दल संयमाचे होते, तंतू हे फार तर त्यावरचे व्याज. मुद्दलच नसेल, तर व्याज कशावर मिळणार? फ्युकॉयडनसारख्या अन्य बहुशर्करांचे उंदरांवरील प्रयोग आशादायक आहेत, परंतु माणसांवरील पुरावा अद्याप तोकडा आहे.

यानंतर अशा एका पदार्थाकडे वळावे लागेल, ज्याच्याविषयी या सभागृहातील प्रत्येक कुटुंबाने सावध असले पाहिजे. त्याचे नाव कायटोसान. वजन घटवण्याच्या ‘फॅट ब्लॉकर’ कॅप्सूलमध्ये समुद्रातील पदार्थांपैकी तो विशेष वापरला जातो. तो शेवाळापासून होत नाही. कोळंबी आणि खेकडे यांच्या कवचांत कायटिन नावाची बहुशर्करा असते. मासळीप्रक्रियेच्या कारखान्यांत उरलेल्या कवचांवर आम्ल आणि क्षार यांची प्रक्रिया करून तिच्यापासून कायटोसान काढतात. अलीकडे बुरशीपासूनही ते तयार होते, पण बाजारातील बहुतांश माल कवचांचाच असतो. बाटलीवर ‘समुद्रातील नैसर्गिक तंतू’ असे लिहिलेले असते. ते खोटे नाही, पण पुरते खरेही नाही. जो श्रावक पाणी गाळून पितो, त्याने पोटाचा घेर कमी करण्यासाठी न कळत कवचधारी जीवांच्या कलेवरापासून बनवलेली भुकटी दररोज घ्यावी, यासारखी विसंगती दुसरी नाही.

धर्मविचार क्षणभर बाजूला ठेवून केवळ नफा-तोट्याच्या दृष्टीने पाहिले, तरी हा सौदा टिकत नाही. कायटोसानवर धन विद्युतभार असतो. तो जठरात तेल-तुपाला चिकटतो आणि पुढे आतड्यात त्याला गुंडाळून बाहेर नेतो, असा सिद्धान्त मांडला गेला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील शाखेत १२ पुरुष आणि १२ स्त्रियांवर त्याची चाचणी झाली. दररोज अडीच ग्रॅम कायटोसान घेतल्यावर पुरुषांच्या शरीरातून बाहेर पडणारा स्निग्धांश सरासरी केवळ १.८ ग्रॅमने वाढला. स्त्रियांत फरकच पडला नाही. एक ग्रॅम स्निग्धांशात ९ कॅलरी असतात. म्हणजे दिवसभराची बचत सुमारे १६ कॅलरी. भाजीच्या फोडणीतील एका मोठ्या चमचाभर तेलात सुमारे १२० कॅलरी असतात. या गतीने अर्धा किलोही न भरणारी चरबी कमी होण्यास सात महिन्यांहून अधिक काळ लागेल. न्यूझीलंडमधील २५० व्यक्तींच्या २४ आठवड्यांच्या चाचणीतही कायटोसान घेणाऱ्यांचे वजन सरासरी ०.४ किलो उतरले, न घेणाऱ्यांचे ०.२ किलो वाढले. सर्व चाचण्यांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेने २००८ साली असा निष्कर्ष काढला, की चांगल्या दर्जाच्या चाचण्यांत दिसणारा परिणाम अत्यल्प असून त्याला व्यवहारात महत्त्व नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने तर २००० सालीच अशा उत्पादनांची अवास्तव जाहिरात करणाऱ्या एका कंपनीस ग्राहकांसाठी १ कोटी डॉलर भरावयास लावले होते.

म्हणून खरेदीपूर्वी वेष्टन वाचण्याची सवय प्रत्येक घराने लावून घ्यावी. भारतात विकल्या जाणाऱ्या खाद्यपदार्थांवर आणि पूरक आहारावर चौकटीतील हिरवे वर्तुळ शाकाहाराचे, आणि चौकटीतील तपकिरी त्रिकोण मांसाहाराचे चिन्ह असते. परदेशातून मुलांनी किंवा पाहुण्यांनी प्रेमाने आणलेल्या बाटलीवर मात्र हे चिन्ह नसते. तिच्यावर ‘कायटोसान’ किंवा ‘शेलफिश’ हे शब्द शोधावेत. आतील औषध वनस्पतिजन्य असले, तरी कॅप्सूलचे आवरण जिलेटिनचे असू शकते, तेही तपासावे. गुडघेदुखीसाठी अनेक ज्येष्ठ घेतात ते ग्लुकोसामाइनही बहुधा याच कवचांपासून तयार होते. मक्यापासून केलेला त्याचा शाकाहारी प्रकार मिळतो, तो मागून घ्यावा. आइस्क्रीम, जेली, सॉस यांच्या वेष्टनावर ४०० ते ४०५ हे क्रमांक दिसले, तर ती अल्जिनेटे समजावीत. ४०६ म्हणजे अगर आणि ४०७ म्हणजे कॅराजीनन.

शेवाळ प्राणिजन्य नाही, म्हणून प्रश्न संपला असेही नाही. जैन आचारात शेवाळाची गणना साधारण वनस्पतीत, म्हणजे एका शरीरात अनंत जीव मानलेल्या वर्गात होते. ज्या कारणाने कंदमुळे टाळली जातात, त्याच कारणाने काही घरांत चायना ग्रासही घेतले जात नाही. याविषयी प्रत्येक घराने गुरुजनांस विचारून निर्णय करावा. तो अधिकार व्याख्यानाचा नाही. प्रकृतीच्या दृष्टीनेही सावधगिरी हवी. प्रौढ माणसाला दिवसाकाठी १५० मायक्रोग्रॅम आयोडीन पुरते. काही जातींच्या तपकिरी शेवाळाच्या एका ग्रॅममध्येच त्याच्या कित्येक पट आयोडीन असते. थायरॉइडचा विकार असणाऱ्यांनी शेवाळाची भुकटी किंवा गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. ‘हिजिकी’ या शेवाळात घातक स्वरूपातील आर्सेनिक आढळल्यामुळे ब्रिटनच्या अन्न मानक संस्थेने ते न खाण्याचा सल्ला दिला आहे. शिवाय चिकट तंतू अन्नाबरोबर औषधालाही धरून ठेवू शकतात. नियमित औषधे चालू असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणताही तंतुमय पूरक पदार्थ सुरू करू नये.

यावरून समुद्री शेवाळाचा उद्योगच निरुपयोगी आहे, असा समज कोणी करून घेऊ नये. भावनगर येथे १९५४ साली स्थापन झालेली केंद्रीय मीठ व सागरी रसायने संशोधन संस्था या क्षेत्रात दीर्घकाळ कार्य करीत आहे. तामिळनाडूतील मंडपम परिसरात बांबूच्या तराफ्यांवर कप्पाफायकस या शेवाळाची शेती होते आणि तिच्यावर मच्छीमार कुटुंबांतील अनेक स्त्रियांचा संसार चालतो. २०२० साली आलेल्या केंद्राच्या मत्स्यसंपदा योजनेत शेवाळशेतीसाठी ६४० कोटी रुपयांची तरतूद होती. या शेतीला गोडे पाणी लागत नाही, खत लागत नाही, जमीन लागत नाही. छपाई, औषधे, प्रयोगशाळा यांना लागणारा कच्चा माल म्हणून तिचे मोल मोठे आहे. प्रश्न फक्त एवढाच, की ज्या घराला वजन आटोक्यात ठेवायचे आहे, त्याला समुद्रापर्यंत जाण्याची गरज आहे का?

याचे उत्तर स्वयंपाकघरातच आहे. समुद्री तंतूंचे जे गुण सांगितले, पाणी धरणे, जेली होणे, पोट भरल्याची जाणीव देणे, साखर हळू शोषू देणे, ते जमिनीवरच्या वनस्पतींतही आहेत. एका पेल्यात चमचाभर इसबगोल भिजत घातला, तर काही मिनिटांत जी जेली होते, ती डोळ्यांनी पाहावी; अल्जिनेट जठरात काय करते, ते समजण्यास दुसरा प्रयोग नको. हा इसबगोल गुजरात आणि राजस्थानात पिकतो आणि उंझाच्या बाजारातून जगभर जातो. त्यातील तंतू हृदयविकाराचा धोका कमी करण्यास साहाय्यक ठरू शकतात, असे वेष्टनावर लिहिण्यास अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९८ साली अनुमती दिली. गवारीच्या बियांतील डिंक हा तर अल्जिनेटचा भूमीवरील भाऊबंदच. तोही छपाईच्या खळीत वापरतात. मेथीदाण्यात त्याच कुळातील तंतू आहेत. जव आणि ओट यांतील बीटा-ग्लुकन, जवसाचा बुळबुळीतपणा, सालासकट मूग, मटकी, चवळी, हरभरा, कोंड्यासह गव्हाचे पीठ, ज्वारी-बाजरीची भाकरी, ही सारी तंतूंचीच भांडारे आहेत.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली प्रौढांसाठी रोज किमान २५ ग्रॅम तंतू अन्नातूनच घ्यावेत, असे सांगितले आहे. मैद्याचे खारी-टोस्ट, पॉलिश केलेला तांदूळ, बेसनाचे तळलेले फरसाण आणि मिठाई यांवर दिवस काढणाऱ्या घरात हा आकडा गाठला जात नाही. चातुर्मासात पालेभाज्या आणि पर्वतिथींना हिरवी भाजी वर्ज्य असते, तेव्हा तर त्यांची जागा पापड, शेव-गाठिया आणि बटाट्याविना केलेल्या तळणाने घेतली जाते. तीच जागा मोड न आणलेल्या अख्ख्या कडधान्यांनी, जवाच्या दलियाने आणि कोंडायुक्त पिठाच्या खाखऱ्याने घेतली, तर नियमही पाळला जाईल आणि देहाचेही हित होईल. बदल मात्र हळूहळू करावा. एकदम तंतू वाढवले तर पोट फुगते. इसबगोल कोरडा गिळू नये, भरपूर पाण्याबरोबर घ्यावा, अन्यथा तो घशात अडकण्याचा धोका असतो. सूर्यास्तानंतर पाणी न घेणाऱ्यांनी तो सकाळी किंवा दुपारीच घ्यावा.

भारतीयांच्या शरीरात चरबी पोटाभोवती लवकर साठते. म्हणून पुरुषांनी कंबरेचा घेर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रियांनी ८० सेंटिमीटरच्या आत ठेवावा, असे तज्ज्ञ सांगतात. दुकानात गज आणि टेप रोज हाती असणाऱ्यांनी वर्षातून चार वेळा तो टेप स्वतःच्या कंबरेला लावावा. हा हिशेब कोणत्याही कॅप्सूलच्या जाहिरातीपेक्षा अधिक प्रामाणिक आहे.

शेवटी एक गोष्ट. जैन परंपरेत बाह्य तपांमध्ये अनशनानंतर दुसरे स्थान ऊनोदरीचे आहे. पोटात थोडी जागा रिकामी ठेवून उठणे, हे ते तप. त्यानंतर येणारा रसपरित्याग म्हणजे तूप, तेल, गूळ-साखर अशा रसांचा त्याग. तपाचा हेतू निर्जरा हा आहे, वजन उतरवणे हा नव्हे. त्यास पथ्याच्या पातळीवर आणणे योग्य होणार नाही. तरीही विचार करण्यासारखे आहे. अल्जिनेटची सगळी धडपड पोट पूर्ण भरण्याआधी ‘पुरे’ ही जाणीव व्हावी, एवढ्यासाठी आहे. कोपनहेगनमधील प्रयोगात जे वजन उतरले, त्यातील मोठा वाटा कमी खाण्याचा होता, आणि तंतूंचा वाटा त्यामागून आला. जी जाणीव एका देशात शेवाळाच्या पेयाने उत्पन्न करण्याचा प्रयत्न होतो, तिचा संस्कार या परंपरेत बालपणापासून केला जातो. तो संस्कार लग्नसमारंभांतील पन्नास पदार्थांच्या रांगेपुढे विसरला गेला, तर दोष शास्त्राचा नाही आणि विज्ञानाचाही नाही.

सुवर्णमहोत्सवी वर्षाच्या निमित्ताने संस्थेच्या सामूहिक भोजनांत तळलेला एक पदार्थ कमी आणि अख्ख्या कडधान्याचा एक पदार्थ अधिक, एवढा संकल्प झाला तरी या व्याख्यानाचे सार्थक होईल. घरी गेल्यावर औषधांच्या कपाटातील बाटल्या एकदा उजेडात आणून त्यांवरील बारीक अक्षरे वाचावीत, एवढीच सर्वांस विनंती.

जय जिनेंद्र.